कॅथोड किरण ते इलेक्ट्रॉन : एका शोधाची ऐतिहासिक मीमांसा

कॅथोड किरण हे तरंग की कण, हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महत्त्वाचा वाद होय. १८८३ मध्ये हर्ट्झ यांना विद्युतक्षेत्रात या किरणांचे विचलन आढळले नाही. नळीत उरलेल्या वायूच्या आयनीभवनामुळे क्षेत्र निष्प्रभ होत असे. १८९७ मध्ये केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी अधिक निर्वात नळीत ते विचलन दाखविले. विद्युतभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर हायड्रोजन आयनाच्या सुमारे हजारपट आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कौफमन यांनी हे गुणोत्तर अधिक अचूक मोजले. मात्र अणूहून सूक्ष्म कणाचा निष्कर्ष थॉमसन यांनीच काढला. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांत हा प्रयोग शिकविताना आकड्याबरोबर हा इतिहासही सांगणे आवश्यक आहे. कारण शोध मापनाइतकाच अर्थनिर्णयातही असतो.