कॉली कुत्रे आणि अ‍ॅमस्टरडॅमचे उंदीर

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग ही गोष्ट वाचा. १९८०च्या दशकात आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध आलं. बहुतेक कुत्र्यांना ते सोसायचं. काही कॉली मात्र तेवढ्याच डोसने झोकांड्या खात, कोमात जात, मरतही. कारण कळेना. मग पशुवैद्यांचा ठोकताळा ठरला: पाय पांढरे, तर औषध नको.

धागा सापडला अ‍ॅमस्टरडॅमला, अपघाताने. तिथे ‘एमडीआर१ए’ जनुक बंद केलेले उंदीर होते. माइट्स झाले म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं आणि नेमके तेच उंदीर मेले. संशोधकांनी विचारलं, हेच का? उत्तर १९९४ साली छापून आलं: या जनुकाचं प्रथिन मेंदूत शिरणारं औषध पंपासारखं बाहेर फेकतं.

२००१मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅट्रिना मीली यांच्या गटाने दाखवलं, की अशा कॉलींमध्ये याच जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात. आज गालाच्या आतून ब्रश फिरवला की चाचणी होते. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर डॉक्टर जुलाबावरचं लोपेरामाइड टाळतात, कॅन्सरवरच्या व्हिन्क्रिस्टिनचा डोस कमी करतात. पायांचा रंग बघावा लागत नाही. संकरित कुत्र्यातही हा दोष लपलेला असू शकतो.

तेव्हा वहीत नुसतं ‘उंदीर दगावले’ लिहून पान उलटू नका. कोणते दगावले, तेही लिहा.