बुडालेल्या जहाजाची अमानत

मुसलमान हिंदुस्थानात कसे आले, असे विचारले की बहुतेक मुले मुहम्मद बिन कासिमचे नाव घेतात. तलवारीचा रस्ता सर्वांना पाठ आहे. व्यापाराचा, समुद्राचा रस्ता मात्र धड्यात एखाद्या ओळीत उरकला जातो. या दुसऱ्या रस्त्याचा एक भक्कम पुरावा इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ समुद्राच्या तळाशी मिळाला.

1998 साली स्थानिक पाणबुड्यांना तिथे एक बुडालेले जहाज सापडले. फळ्या दोरीने शिवलेल्या, लोखंडी खिळा नाही. ही अरबी समुद्रातल्या जहाजांची बांधणी. आत मात्र चिनी माल होता. सुमारे 60,000 वस्तू, त्यातले बहुतेक चांगशा येथील भट्ट्यांतले वाडगे. एका वाडग्यावर इ.स. 826 शी जुळणारी चिनी तारीख कोरलेली आहे. म्हणजे हिजरी 211. बगदादला तेव्हा खलिफा मामून राज्य करीत होते.

पण हे जहाज वर काढले ते एका खासगी कंपनीने, सरकारी परवाना घेऊन. माल विकणे हा तिचा व्यवसाय. 2005 मध्ये बहुतांश ठेवा सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलरला सिंगापूरसाठी विकत घेतला गेला. पुढे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने त्याचे प्रदर्शन ठरवले, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी हरकत घेतली आणि 2011 मध्ये ते रद्द झाले.

हरकतीमागे साधे कारण आहे. वस्तू कुठे, कशाशेजारी, कोणत्या थरात पडली होती, यातूनच इतिहास उलगडतो. घाईने उपसलेल्या जहाजातून माल मिळतो, माहिती हरवते. म्हणून युनेस्कोच्या 2001 च्या कराराने दोन गोष्टी सांगितल्या : अवशेष शक्यतो जागेवरच जपावेत आणि त्यांचा बाजार मांडू नये.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जहाज तसेच सोडले असते तर चोरांनी लुटले असते, असे खरेदीचे समर्थक म्हणतात. निदान ठेवा एकत्र राहिला, हे खरेच. पण लुटीला उत्तर पहारा आणि नीट उत्खनन हे आहे, विक्री नव्हे.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली म्हणून ती आपली होत नाही. त्या खलाशांचा ठेवाही तसाच, पुढच्या पिढ्यांची अमानत.

हे सारे आपल्यापासून दूर नाही. हिजरी 304 मध्ये प्रवासी अल-मसूदी कोकणात सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी त्यांत आहेत, असे त्याने नोंदवले. राज्य राष्ट्रकूटांचे होते. हे लोक फौज घेऊन नव्हे, माल घेऊन आले होते. चौलच्या वाटेवरही जहाजे बुडाली असतीलच. उद्या त्यांतले एखादे हाती लागले, तर पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा नसावा. त्याची नोंद कोण ठेवणार, हा असावा.