वडगांवचा तह व राज्याधिकाराचा प्रश्न

इसवी सन १७७९ च्या जानेवारींत मावळांतील वडगांव येथें मराठ्यांनीं मुंबईकर इंग्रजांची फौज कोंडून तिला तह करणें भाग पाडलें, ही हकीकत वाचकांस विदितच आहे. लढाईचें वर्णन येथें करावयाचें नाहीं. त्या वाटाघाटींत राज्याधिकार कोणाचा व कोठवर, असा जो प्रश्न उभा राहिला, त्याचाच विचार कर्तव्य आहे.

प्रथम मराठ्यांची बाजू पाहूं. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव घराण्यांतील वडील, शूर, शिवाय पेशवाईचीं वस्त्रें मिळविलेले. तरी सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके प्रभृति बारभाईंनीं त्यांस दूर सारून, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवें कारभार चालविला. वडगांवच्या प्रसंगीं धनी अवघा पांचव्या वर्षांत होता. धनी आज्ञा देण्यास असमर्थ असतांहि दौलत चालते, याचा अर्थ दौलत धन्याच्या देहाहून निराळी आहे. आपल्या राजनीतीस हा विचार नवा नव्हे. कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगितलीं. त्यांत स्वामी पहिला खरा, पण तेंहि एक अंगच, समग्र राज्य नव्हे.

आतां इंग्रजांची बाजू. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या संमतीवांचून तह करण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें त्यांच्या कमिटीनें प्रथम सांगितलें. तेव्हां, कर्नल अप्टन यानें १७७६ त पुरंदरास केलेला तह मोडण्याचा अधिकार तरी कोठून आला, असा उलट सवाल मराठ्यांकडून झाल्याचें ग्रँट डफ लिहितो. सवाल मार्मिक आहे. अधिकाराची मर्यादा संकटांत आठवावी व लोभांत विसरावी, हें न्याय्य नव्हे. पुढें अधिकाराच्या याच सबबीवर इंग्रजांनीं वडगांवचा तह झुगारून दिला.

त्याच सुमारास अमेरिकेंतील वसाहती इंग्रजांविरुद्ध लढत होत्या. त्यांनीं सन १७८७ त सिद्ध केलेल्या राज्यघटनेंत अधिकाराचें मूळ लोकांकडे ठेवून प्रत्येक पदाची मर्यादा लिहून काढली. बारभाईंच्या व्यवस्थेंत उणीव होती ती हीच. कारभाऱ्यांत फूट पडल्यास निवाडा कोणीं करावा, याचा सर्वमान्य लेख नव्हता. १७७८ त मोरोबा फडणीस फुटले. १७७९ त सखारामबापू कैदेंत पडले. बारांचा कारभार एकट्या नानांच्या हातीं आला. १७९५ त सवाई माधवराव निपुत्रिक वारतांच वारशाच्या तंट्यांत दौलत खिळखिळी झाली.

सारांश, राज्य हें व्यक्तीहून मोठें, हा गणराज्याचा अर्धा विचार आपल्याकडे होता. अधिकार लोकसंमत व लेखबद्ध असावा, हा दुसरा अर्धा नव्हता. ता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं भारताच्या घटना-समितीनें संविधान स्वीकारून तो पुरा केला. दप्तरें बाळगणाऱ्या गृहस्थांस एवढीच विनंति कीं, लढायांच्या बातमीपत्रांइतक्याच आस्थेनें कारभाऱ्यांचे आपसांतील करार व शपथपत्रें निवडून ठेवावींत. राज्य कोणाच्या शौर्यावर वाढलें तें बखरी सांगतात. तें कोणत्या नियमावर टिकावयाचें होतें, तें अशाच कागदांवरून कळेल.