कुत्रा छाप तबकडी आणि तिचा इतिहास

व्यापारी कंपनीला आपली थोरवी गावीशी वाटली की ती वर्धापनाची पुस्तिका काढते. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपनीने यासाठी कागदाकडे का वळावे? ती तबकडीच काढते! जुने आवाज, मध्ये मध्ये निवेदकाचे भारदस्त बोलणे, आणि शेवटी कंपनीचा जयजयकार. अशा तबकडीतून इतिहास किती मिळतो आणि जाहिरात किती, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या नावाचा उच्चार जिभेला जड, म्हणून आपल्याकडे तिला सरळ ‘कुत्रा छाप’ म्हणत. ते चित्र फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचे. मूळ चित्रात निपर नावाचा कुत्रा ऐकत होता तो एडिसनच्या पद्धतीचा, नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने अट घातली, की जुने यंत्र पुसून आमचे तबकडीचे यंत्र रंगवा, मग चित्र घेतो. बॅरॉडने तसे केले व त्याला शंभर पौंड मिळाले. म्हणजे कंपनीच्या निशाणीखालीच प्रतिस्पर्ध्याचे यंत्र गाडलेले आहे. कंपन्यांचे इतिहास वाचताना आम्हांस हे चित्र नेहमी आठवते.

हिंदुस्थानातील कथा १९०२ ची. फ्रेड गायसबर्ग हा तज्ज्ञ कलकत्त्यास उतरला. गौरवकथा सुरू होते ती बहुधा गौहर जानपासून. ही गायिका थोर होती, यात वाद नाही. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारी. तबकड्या दाबल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला, तेथील कामगारांस गाणारा कोण हे कळावे, असे त्याचे कारण सांगतात. परंतु गौहर जानचे मुद्रण ११ नोव्हेंबरचे. त्याआधी तीन दिवस, ८ नोव्हेंबरला, नाटकमंडळीतील शशिमुखी व फणिबाला या दोन तरुण मुलींचे आवाज घेतले गेले होते. पहिला मान त्यांचा. त्यांच्यामागे ना दरबार होता ना दौलत, आणि उत्सवाच्या निवेदनात त्यांना जागा क्वचितच मिळते.

पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, नंतर डमडमला. तबकडीचा मुख्य जिन्नस लाख, आणि ती आपल्याच रानांतली! यंत्र चावीवर चाले, त्यास वीज लागत नसे. म्हणून वीज न पोचलेल्या गावातही बालगंधर्वांचे पद घुमू शकले. निजामी अमलातल्या आमच्या धाराशिवसारख्या मुलखाला ही सोय केवढी मोलाची, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांस निराळे सांगावयास नको.

किंमत मात्र कलावंतांनी मोजली. तासभर रंगणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत उरकावा लागे. कंपनीत अधिकारी झालेले गायक जी. एन. जोशी यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत. कंपनीच्या घरचाच माणूस, तरी ते पुस्तक आम्हांस कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासाचे वाटते, कारण त्यात माणसे दिसतात.

आणखी एक गोष्ट गौरवकथेत सापडत नाही. मुंबईत १९३५ साली निघालेल्या ‘यंग इंडिया’ या देशी छापाने कितीतरी लहान कलावंतांना संधी दिली. तो १९५५ च्या सुमारास बंद पडला. बंद पडलेल्या दुकानाचा वर्धापनदिन कोण करणार? त्याच्या तबकड्या जपल्या त्या छांदिष्ट संग्राहकांनी. अशा मंडळींनी १९९० साली मुंबईत आपली संस्थाही स्थापन केली. सुरेश चांदवणकर त्यांतले एक.

आपल्याही जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अशा तबकड्या असतील. लाखेची वस्तू, हातातून सुटली की खापरी होते. भंगारात घालण्यापूर्वी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत जागेत कोरलेला आकडा एकवार टिपून घ्यावा. त्यावरून मुद्रण कोठे आणि कधी झाले, हे जाणकार पुष्कळदा सांगू शकतात.