फलाटावरचा पाहुणा

आगगाडीचा फोटो घेणाऱ्याने फलाटावर कोठे उभे राहावे आणि कोणाला विचारून उभे राहावे, हा विषय या व्यासपीठाला शोभतो काय, असे एका स्नेह्याने आम्हाला विचारले. आमचे अर्धे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शिक्षण म्हणाल तर वाचनालयातले. फलाट आम्हाला प्रथम दिसतो तो कामाची जागा म्हणून. तेव्हा श्रोतेहो, प्रश्न आम्हाला लहान वाटत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि लवकरच बोरघाटाचे काम निघाले. ते घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट तडीस नेले. त्या बांधकामाची जुनी छायाचित्रे तिच्याच नावावर सांगितली जातात. कंत्राटदारणीला फोटो घेताना कोण अडवणार? १८६१ साली त्या घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. पण त्या काळी काचेला उजेड सेकंद-सेकंद द्यावा लागे, आणि जो स्तब्ध उभा राही तोच नीट उमटे. घण मारणारा स्तब्ध कसा राहील? पूल तेवढे स्वच्छ आले.

रघु राय यांनी १९९५ साली चर्चगेटला घेतलेल्या फोटोत हाच दोष गुण झाला आहे. वर्तमानपत्र वाचत बसलेले लोक स्पष्ट, आणि भोवतालची गर्दी धुरासारखी वाहते आहे. कामावर जाणाऱ्या मुंबईचे एवढे खरे चित्र आम्ही दुसरे पाहिले नाही.

आता परवानगीचे. फलाट तिकीट काढून कोणीही दोन तास उभा राहू शकतो. पण कॅमेऱ्याचा हक्क त्यात आपोआप येत नाही. धंद्यासाठी चित्रण करायचे तर रेल्वेची परवानगी लागते. १९२३ च्या गोपनीयता कायद्याने सरकारला रेल्वेची एखादी जागा प्रतिबंधित ठरवता येते. या कायद्याची सावली मात्र कायद्याहून लांब पडते. एका स्टेशनावर हौशी पोराला पकडून बसवले होते. आम्ही म्हटले, नियम दाखवा. कागद कोणापाशीच नव्हता. दोन तासांनी पोरगा सुटला. असली अडवणूक आम्हाला मान्य नाही.

पण पोराचीही चूक होती, आणि ती आम्ही त्याला तिथेच सांगितली. पलीकडच्या मित्राला बोलावताना त्याने दोन्ही हात डोक्यावर उंच केले होते. रेल्वेच्या नियमांत ती लाल झेंड्याच्या जागी चालणारी ‘थांबा’ची खूण आहे! मोटरमनने ती पाहून ब्रेक लावला तर दोष कोणाचा? तीच गोष्ट फ्लॅशची. गाडी फलाटात शिरताना मोटरमनची नजर सिग्नलवर आणि थांबण्याच्या खुणेवर असते. तेव्हा डोळे दिपवणे म्हणजे चालत्या यंत्रावरच्या कामगाराला धक्का देणे. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. धातूची काठी तारेला टेकावी लागत नाही, नुसती जवळ गेली तरी पुरते. रुळांत उतरणाऱ्याला १९८९ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा आम्हाला त्या मोटरमनची काळजी अधिक वाटते, ज्याच्या डोळ्यांदेखत माणूस जातो आणि ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी चालवायची असते.

तरीही हे हौशी लोक हवेत. १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे आज ब्रॉडगेज झाली. ती जुनी गाडी कशी दिसे, हे पुष्कळ अंशी अशांच्याच फोटोंवरून कळते.

तो पोरगा आता आधी स्टेशनमास्तरांच्या दारात जातो. मागे त्याने आम्हाला एक फोटो आणून दिला. इंजिन अर्धेच आले आहे. मध्ये हिरवा झेंडा धरलेला पॉइंट्समन. आम्ही तो नेऊन त्या पॉइंट्समनला दिला. तीस वर्षे नोकरी केली, तो म्हणाला, पण कामावरचा आपला फोटो आजच पाहिला.