टाइमपास
टाइमपास : मराठी व भारतीय इंग्रजीतील गमतीदार बोलशब्द. दोन्ही घटक इंग्रजी; जोड मात्र इथली. रेल्वे-एसटीत शेंगदाणे विकणारे याच नावाने आरोळी देतात. सोलापूर–धुळे महामार्गावरील चौसाळ्यासारख्या (जि. बीड) गावांत, थांब्यावर कुणी ‘काय चाललंय?’ विचारलं, तर ‘काय नाही, टाइमपास’ एवढं उत्तर पुरतं. प्रेमप्रकरणाला उद्देशून वापरला की शब्द बोचतो : मनापासून नसलेलं नातं. रवी जाधव यांच्या २०१४च्या चित्रपटाचे हेच शीर्षक. भूगोलतज्ज्ञ क्रेग जेफ्री यांनी मेरठमधील बेरोजगार सुशिक्षित तरुणांवरील पुस्तकालाही (२०१०) हेच नाव दिले. तिथे थट्टा कमी, नोकरीची ताटकळ जास्त.