रिकाम्या खुर्चीचे वाचन

खुर्चीला पाय असतात, पाठ असते, हात असतात. माणसाच्या शरीरातले इतके शब्द उसने घेणारी वस्तू घरात दुसरी सापडणे कठीण. म्हणूनच संग्रहालयातल्या चौथऱ्यावर एकटी ठेवलेली खुर्ची पाहिली की तिच्यावरून कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे वाटते. शेजारी पाटी असते: कृपया बसू नये. बसण्यासाठीच घडवलेल्या वस्तूवर बसायला मनाई झाली की तिचे काय होते? या प्रश्नातून खुर्चीचा जो अभ्यास उभा राहिला, त्याच्या उंबरठ्यावर मी मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करतो. या अभ्यासासाठी कलेचा इतिहास आधी पाठ असावा लागत नाही. सुताराचे काम कधी जवळून न्याहाळले असेल, तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे.

आरंभ व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्यापासून करावा. १८५९ साली बाजारात आलेली त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या बीचच्या लाकडाची होती. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोहोचल्या जागी जोडल्या जात. युरोपातल्या कॉफीघरांमधून ती सर्वत्र पसरली. आज ती मोठमोठ्या संग्रहांत आहे ती दुर्मीळ म्हणून नव्हे. लाकूड कुठवर वाकते, खोक्यात किती मावते आणि माणूस किती वेळ बसतो, या तिन्ही हिशेबांचे उत्तर तिच्या एका वळणात मिळते म्हणून. पुढे १९२५च्या सुमारास जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतल्या मार्सेल ब्रॉयर याने सायकलच्या हँडलवरून पोलादी नळी वाकवण्याची कल्पना घेतली आणि खुर्चीचे जडपण गेले. दुसऱ्या महायुद्धात चार्ल्स आणि रे ईम्स यांनी अमेरिकी नौदलाच्या जखमी सैनिकांसाठी प्लायवूड वाकवून पायाच्या खपच्या बनवल्या. त्या अनुभवातूनच त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या आल्या. या सगळ्यांत सौंदर्य आधी ठरवून वर चढवलेले नाही, ते कामाच्या पोटातून आलेले आहे.

याच्या नेमके उलट टोकही आहे. मार्क न्यूसन या डिझायनरची ‘लॉकहीड लाउंज’ ही फायबरग्लासवर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकून घडवलेली आरामखुर्ची २०१५ साली लंडनच्या लिलावात चोवीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. मोजक्याच प्रती निघालेली ही वस्तू बाजाराने शिल्प म्हणूनच घेतली. डोनाल्ड जड या अमेरिकी कलावंताने मात्र स्वतः खुर्च्या बनवल्या आणि आपल्या शिल्पांपासून त्या कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. खुर्ची शिल्पासारखी दिसली म्हणून कला होत नाही, चांगली खुर्ची असण्यातच तिची कला आहे, अशी त्याची भूमिका होती. मला ती पटते.

संग्रहालय कोणी उभारले, हेही विचारायला शिकावे. जर्मनीत वाइल आम राइन येथे १९८९ साली फ्रँक गेरीच्या इमारतीत सुरू झालेले व्हिट्रा डिझाइन म्युझियम हे या अभ्यासाचे एक मोठे केंद्र. त्यामागे व्हिट्रा या फर्निचर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रोल्फ फेलबाऊम यांचा संग्रह होता आणि याच कंपनीने युरोपात ईम्सच्या खुर्च्या बनवल्या. याने संग्रहाचे मोल कमी होत नाही. पण अभिजात काय, हे ठरवताना बाजार आणि विद्या एकाच छपराखाली असतात, ही नोंद अभ्यासकाने वहीच्या पहिल्या पानावर करावी.

आता आपल्या जवळचे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या सुमारास जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउस याच्याकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. तिथे आयलीन ग्रे या डिझायनरची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची होती, आणि ल कॉर्बुझिए, पिएर जॅनरे व शार्लोत पेरियाँ या तिघांनी मिळून घडवलेली आरामखुर्चीही होती, बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. १९८० साली हे सामान मोनॅकोत लिलावात विकले गेले. २०१९ साली त्यातल्या वस्तू पॅरिसच्या एका संग्रहालयातल्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. राजवाड्यात पुढे सरकारी कचेरी आली.

त्याच जॅनरेने १९५१ ते १९६५ चंडीगडमध्ये काम केले. नव्या राजधानीच्या सचिवालयाला, उच्च न्यायालयाला, विद्यापीठाला हजारो खुर्च्या हव्या होत्या आणि पैसा बेताचा होता. उत्तर मिळाले साग आणि वेत. उन्हाळ्यात पाठीला वारा लागू देणारी विणलेली बैठक आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उलटे ठेवल्यासारखे भक्कम पाय. खुर्च्या स्थानिक कारखान्यांत, हाताने झाल्या. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापे जुळत नाहीत. रेखाटने करणाऱ्यांत जॅनरेबरोबर भारतीय वास्तुकारही होते. सांधे बसवणाऱ्या आणि वेत विणणाऱ्या कारागिरांची नावे मात्र लिलावाच्या सूचीत दिसत नाहीत.

पुढे या खुर्च्या मोडल्या, गच्चीवर रचल्या गेल्या, सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, रंधून-पॉलिश करून लाखो रुपयांना विकल्या. कार्यालयाच्या कारकुनाने पाठीवर रंगवलेला साठा क्रमांक, जो एरवी कोणी पुसूनही टाकला असता, तोच आता अस्सलपणाचा पुरावा ठरला. २०११ साली केंद्र सरकारने या वारशाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. एमी सीगल या कलावतीने २०१३च्या ‘प्रोव्हेनन्स’ या चित्रपटात हा प्रवास उलटा दाखवला: श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून लिलावघरात, तिथून जहाजावर, आणि शेवटी चंडीगडच्या कचेरीत, जिथे तशाच खुर्चीवर बसून अजून काम चालू आहे. खुर्चीचा अभ्यास कसा करावा, याचा इतका चांगला पाठ मला दुसरा माहीत नाही. आकाराचे वर्णन करून थांबू नये. लाकूड कुठले, सांधा कोणाच्या हातचा, बसले कोण, टाकली कोणी, उचलली कोणी, हे विचारत जावे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या जुन्या शाळेत, वाचनालयात, नगरपालिकेत सागाच्या वेतविणीच्या खुर्च्या असतील, तर त्या भंगारात निघण्याआधी एकदा उलट्या करून पाहा. खालच्या बाजूचे क्रमांक आणि खुणा टिपून घ्या, मापे लिहा, छायाचित्र काढा आणि त्या खुर्च्या बनवणाऱ्या सुताराचे नाव आठवणारे कोणी अजून हयात असेल, तर त्यांना भेटायला उशीर करू नका.